शिंगाचा क्षार

जुन्या वाड्यांच्या चौकांत कल्हईवाला भट्टी मांडून बसला कीं घरांतील मुलें त्याच्याभोंवतीं गोळा होत. तापून आलेल्या पातेल्यांत तो चिमूटभर पांढरी पूड टाकी. भपकन पांढरा धूर उठे, नाकास झिणझिण्या येत, डोळ्यांत पाणी उभें राही. आणि कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानें पुसतांच काळवंडलेलें भांडें रुप्यासारखें लखलखूं लागे. ती पूड म्हणजे नवसागर. त्याच घरांत तिसऱ्या प्रहरीं चहाबरोबर बेकरींतलें एखादें खुसखुशीत बिस्किट बशींत येई. चौकांतला झोंबरा धूर आणि बशींतल्या बिस्किटाचा हलकेपणा हीं एकाच द्रव्याचीं कामें असूं शकतील, अशी शंका कोणास येण्याचें कारण नव्हतें.

तें द्रव्य म्हणजे अमोनिया. नवसागरांत तो मिठाच्या तेजाबाशीं जखडलेला असतो, आणि ही गांठ सोडविण्यास भट्टीवर तापलेलें भांडें लागतें. बेकरीवाले ज्या पांढऱ्या पुडीला नुसतें ‘अमोनिया’ म्हणतात तिच्यांत त्याची संगत कर्बाम्ल वायूशीं, म्हणजे सोडावाटरच्या बाटलींत असणाऱ्या वायूशीं, असते. ही संगत फार दुबळी. ऊन चहाच्या उष्णतेनेंहि ती तुटते. डबा उघडा राहिला तर पूड आपोआप उडून जाते. या पुडीला इंग्रजींत ‘हार्ट्‌सहॉर्न’, जर्मन भाषेंत ‘हिर्शहॉर्नझाल्ट्स’ आणि स्वीडनमध्यें त्याच अर्थाचें नांव आहे. तिन्ही नांवांचा रोख एकच: हरणाचें शिंग.

नांव काव्यांतून आलेलें नाहीं. युरोपांतील औषधी बनविणारे लोक हरणाचीं शिंगें खरोखरच बंद भांड्यांत तापवीत असत. आपल्याकडील सांबराच्या जातभाईंचीं हीं फांटे फुटलेलीं शिंगें बैलाच्या किंवा बकऱ्याच्या शिंगांसारखीं नसतात. तीं जातीनें हाडेंच होत; दरसाल गळतात व दरसाल नवीं येतात, त्यामुळें रानांत पडलेलीं वेंचून आणतां येत. त्यांचे तुकडे हवा न लागूं देतां भाजले असतां प्रथम तीव्र वासाचें पाणी निघे, मग काळें, दुर्गंधीचें तेल, आणि भांड्याच्या थंड मानेशीं पांढरे स्फटिक जमत. पाण्यास हरणशिंगाचा अर्क म्हणत. स्फटिक हा त्याचा उडता क्षार. हाडांतील चिवट, सरसासारख्या भागांत नायट्रोजन असतो, तोच या उष्णतेनें अमोनियाच्या रूपानें सुटतो. हें कारण अर्थातच पुष्कळ मागाहून कळलें.

आपल्या वैद्यांनींहि सांबरशिंग जाळलें, परंतु त्यांचें लक्ष नेमकें उलट दिशेस होतें. उडून गेलें तें गेलें. खालीं उरलें तें शुभ्र शृंगभस्म त्यांनीं जपून ठेवलें. युरोपांतील औषधकारांनाहि ती राख ठाऊक होती व तेहि ती वापरीत; पण त्यांच्या धंद्याची खरी कमाई उडून जाणारें पकडून ठेवण्यांत होती. मूर्च्छा आलेल्या स्त्रीच्या नाकाशीं जी बाटली धरीत, तिच्यांत हाच क्षार असे. एका गैरसमजाचा येथेंच निकाल लावलेला बरा. सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्रजी पाकपुस्तकांत हरणशिंगाची जेली वारंवार भेटते. तिचा या क्षाराशीं संबंध नाहीं. शिंगाचा कीस पाण्यांत तासन्‌तास उकळून काढलेला तो साधा सरस होय.

औषधाच्या दुकानांतून हा क्षार स्वयंपाकघरांत शिरला, त्याचें मोल समजण्यास त्या काळच्या स्वयंपाकघरांतील श्रम ध्यानांत घ्यावे लागतात. पीठ फुगविण्याचे मार्ग दोनच होते. एक यीस्टचा, म्हणजे आंबविण्याचा; त्यास वेळ लागे, ऊब लागे, आणि लोणी व साखर फार असलेल्या पिठांत तो नीट साधत नसे. दुसरा मार्ग हाताच्या बळाचा. अठराव्या शतकांतील इंग्रजी पाकपुस्तकांत केकचें मिश्रण एक तासभर फेंटावें अशी आज्ञा सहज आढळते. लिहिणारी ती एका ओळींत लिहून मोकळी होई. तासभर हात चालविणारी मात्र बहुधा घरची मोलकरीण असे. अंड्यांत कोंडलेली हवा हाच तिच्या श्रमाचा परिणाम, आणि तोहि भट्टीच्या लहरीवर अवलंबून. अशा घरांत चमचाभर पांढरी पूड हातांचें काम करूं लागली, ही गोष्ट लहान नव्हे.

ही पूड काम कशी करते, तें पाहण्यासारखें आहे. आजचा शुद्ध क्षार, अमोनियम बायकार्बोनेट, ७९ भार घेतला तर उष्णतेनें त्याचा १७ भार अमोनिया, ४४ भार कर्बाम्ल वायु व १८ भार पाण्याची वाफ होते. बेरीज ७९. मागें कांहीं म्हणजे कांहींच राहत नाहीं. खाण्याच्या सोड्याची गोष्ट निराळी. १६८ भार सोडा नुसता तापविला तर त्यांतून ४४ भार वायु व १८ भार वाफ निघते, आणि १०६ भार धुण्याचा सोडा पिठांतच बसून राहतो. त्याची साबणासारखी चव मारण्यास ताक, लिंबू किंवा दुसरें कांहीं आंबट बरोबर द्यावें लागतें. शिंगाच्या क्षारास असा सोबती लागत नाहीं. तो एकटा येतो, पीठ उचलतो व निघून जातो.

मात्र निघून जाण्यास त्याला वाट हवी. अमोनिया पाण्यांत विलक्षण विरघळतो. म्हणून जाड, ओलसर केकमध्यें तो अडकून बसतो आणि पहिल्याच घांसाला नाक मुरडावें लागतें. पातळ व कोरड्या बिस्किटांत ओल जवळजवळ उरत नाहीं, तेव्हां वायूहि उरत नाहीं. या एका नियमानें त्याचें सारें राज्य आंखून दिलें आहे. दक्षिण जर्मनीतील ‘स्प्रिंगर्ले’ नांवाचीं नाताळचीं बिस्किटें याचा उत्तम नमुना. अंडीं, साखर व मैदा यांच्या पिठावर कोरीव लांकडी साचा दाबून घोडेस्वार, फुलें, पांखरें उठवितात. मग तीं बिस्किटें रात्रभर उघडीं ठेवतात, म्हणजे वरचें चित्र वाळून घट्ट होतें. भट्टींत गेल्यावर क्षाराचा वायु खालून जोर करतो, वाळलेलें छप्पर जसेंच्या तसें सरळ वर उचललें जातें, आणि चित्राच्या खालीं एक पांढरा, जाळीदार पाया तयार होतो. जर्मन गृहिणी त्याला ‘पाउलें’ म्हणतात. पाउलें नीट उमटलीं नाहींत तर बिस्किट फसलें असें समजतात. मधाच्या व मसाल्याच्या ‘लेबकुखेन’मध्येंहि हा क्षार पडतो. स्वीडनमधील ‘ड्रॉमर’ म्हणजे ‘स्वप्नें’ नांवाचीं बिस्किटें जिभेवर ठेवतांच विरघळतात, तींहि याच्याच जोरावर. ग्रीसमधील ईस्टरच्या वळणदार बिस्किटांत, आणि चीनमधील तळलेल्या पिठाच्या लांब कांड्यांतहि त्याचा वापर होत आला आहे. भट्टीचें दार उघडतांच डोळे मिटून तोंड फिरवावें लागतें, हा अनुभव या सर्व देशांतील स्वयंपाकघरांना सारखाच.

पण इतकीं शिंगें आणावयाचीं कोठून? शिंगाचें उत्पन्न थोडें व घाण फार. तेव्हां कारखानदारांनीं दुसरी वाट धरली: नवसागर खडूबरोबर तापवावयाचा. खडूंतील कर्बाम्ल वायु अमोनियाशीं जोडला जाऊन तोच उडता क्षार मिळतो. शिंग गेलें, नांव मात्र राहिलें. आणि येथून या बिस्किटाची कथा पूर्वेकडे वळते. कारण नवसागर ही युरोपची वस्तु नव्हेच.

दहाव्या शतकांतील अरब भूगोलकारांनीं मध्य आशियांतील समरकंदच्या पूर्वेकडील डोंगरांचें वर्णन करून ठेवलें आहे. तेथें भेगांतून दिवसा धूर निघे व रात्रीं ज्वाळा दिसत. त्या वाफा कोंडून थंड केल्या कीं ‘नूशादिर’ हातीं येई. हे ज्वालामुखी नव्हते. जमिनींतील दगडी कोळशाचे थर धुमसत होते, आणि ताजिकिस्तानांतील त्या भागांत ते अजूनहि धुमसतात. बगदाद व रै येथील रसायनज्ञांनीं या पदार्थास फार मान दिला. उष्णतेनें उडतो आणि पुन्हां जसाच्या तसा जमतो, म्हणून पाऱ्याप्रमाणेंच त्याची गणना ‘आत्म्यां’त होई. फारशी नौशादर संस्कृतांत ‘नवसार’ होऊन आला, आणि मराठीनें त्याचा नवसागर केला. कोणत्याहि सागराशीं त्याचें नातें नाहीं. अनोळखी शब्दास ओळखीचे कपडे घालण्याची भाषेची ही नेहमींची खोड.

तेराव्या शतकाच्या सुमाराच्या ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथांत नवसाराची उत्पत्ति दिली आहे, ती मोठी मार्मिक आहे. करीर व पीलु यांच्या लांकडांच्या पाकापासून तो होतो, आणि विटा भाजतांना जमणारा फिकट, हलका क्षारहि तोच, असें तेथें सांगितलें आहे. चूलिकालवण हें त्याचें दुसरें नांव, चुलीचें मीठ. प्रफुल्लचंद्र राय यांनीं १९०२ व १९०९ सालीं दोन खंडांत हिंदु रसायनाचा इतिहास प्रसिद्ध केला, तेव्हां असल्या ओळींकडे आधुनिक वाचकांचें लक्ष गेलें. ग्रंथकारास नायट्रोजन ठाऊक नव्हता. पण शेण व गवत जळणाऱ्या वीटभट्टीच्या माथ्यावर पांढरें कांहींतरी जमतें, हें कोणा कुंभारानें आधीं पाहिलें असलें पाहिजे, आणि पंडितानें त्याच्याकडून घेतलें असलें पाहिजे.

ईजिप्तमध्यें हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर चाले. नाईलच्या खोऱ्यांत लांकूड दुर्मिळ. गरिबांच्या चुलींत उंटांच्या व गाईम्हशींच्या शेणाच्या गोवऱ्या जळत. घराच्या छपराला धरलेली काजळी खरवडून विकत घेणारे लोक गांवोगांव फिरत. ती काजळी कांचेच्या मोठ्या फुग्यांत भरून कित्येक दिवस व रात्रीं भट्टीवर ठेवीत. मग फुगा फोडीत, तेव्हां गळ्याशीं नवसागराची जाड वडी मिळे. अठराव्या शतकाच्या आरंभीं फ्रेंच लोकांनीं ही कृति पाहून पॅरिसला कळविली, तोंपर्यंत युरोप हा माल डोळे झांकून विकत घेत होता. अमोनिया या शब्दांतहि ईजिप्तच्या बाजूचाच देव दडला आहे. लिबियाच्या वाळवंटांतील सीवा येथें आमोन देवाचें मंदिर होतें व त्या परिसरांतील मिठाला रोमन लोक आमोनचें मीठ म्हणत. तें बहुधा साधें खनिज मीठच असावें. नांव पुढें नवसागरास चिकटलें.

पॅरिसला कळलेलें गुपित एडिंबरोस उपयोगी पडलें. कोळशाच्या धुरामुळें ज्या शहराला त्याचे रहिवासी लाडानें ‘धुरकट म्हातारी’ म्हणत, तेथें काजळीस काय तोटा? जेम्स हटन व त्याचा मित्र जेम्स डेव्ही यांनीं १७५० च्या दशकांत धुराड्यांतील काजळीपासून नवसागर काढण्याचा कारखाना घातला, आणि ईजिप्तचा माल मागें पडूं लागला. हा हटन म्हणजे पृथ्वीच्या वयाची कल्पनाच पालटून टाकणारा भूगर्भशास्त्रज्ञ. खडकांकडे निवांत पाहत फिरण्यास जी सवड लागते ती त्याला शेतीच्या उत्पन्नानें दिली, तशीच या काजळीनेंहि दिली. त्याचाच स्नेही जोसेफ ब्लॅक यानें १७५४ ते १७५६ या काळांत दाखवून दिलें कीं सौम्य क्षारांत एक ‘बांधलेला वायु’ असतो व तो उष्णतेनें किंवा आम्लानें सोडवितां येतो. बिस्किट कां फुगतें याचें अर्धें उत्तर तेथें मिळालें. उरलेलें अर्धें १७७४ सालीं प्रीस्टलेनें दिलें. त्यानें अमोनिया प्रथमच शुद्ध वायुरूपांत वेगळा केला. बर्थोले यानें १७८५ सालीं त्याचे घटक सांगितले. भट्टीपाशीं डोळे पुसणाऱ्या बायकांना या दोन्ही वायूंपैकीं एकाची ओळख नाकानें पूर्वींच झाली होती.

पुढचा भाग झपाट्यानें आटपतो. एकोणिसाव्या शतकांत शहरांत दिव्यांसाठीं कोळशाचा गॅस काढूं लागले, तेव्हां तो धुण्याच्या पाण्यांत अमोनिया फुकट मिळूं लागला. १९०९ सालीं हाबर यानें हवेंतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवून दाखविला आणि १९१३ सालीं जर्मनींत ओपाऊ येथें त्याचा प्रचंड कारखाना सुरू झाला. भारतांत १९५१ सालीं सिंद्री येथें, १९६५ सालीं मुंबईस तुर्भें येथें खतांचे कारखाने निघाले. तुर्भ्याच्या कारखान्याच्या मालांत खतांच्या जोडीला अमोनियम बायकार्बोनेटहि आहे. शिंग, शेण, काजळी, कोळसा, आणि अखेर नुसती हवा: पूड तीच, उगम चार वेळां पालटला.

उगमाचा हा प्रश्न आपल्याकडे निराळ्याच अंगानें निघाला असता, पण निघाला नाहीं. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या मंडळींपुढें चहा आला, त्यावरून केवढें ग्रामण्य माजलें, आणि रानडे व टिळक यांच्यासारखे पुरुषहि प्रायश्चित्ताच्या वादांत कसे ओढले गेले, हें सर्वश्रुत आहे. त्या काळीं पाव व बिस्किट यांवरचा आक्षेप मुख्यतः करणाऱ्याच्या हातांवर होता. दुसरा आक्षेप आंबविण्यावर. गोव्यांतील पोदेर पाव आंबविण्यास माडाची सूर घालीत, आणि ताडीमाडीच्या नांवानेंच सोवळें घर दूर सरे. अंड्याचाहि संशय असे. परंतु पीठ हलकें करणारी पांढरी पूड कोठून आली, हें कोणीं विचारल्याचें दिसत नाहीं. ती एके काळीं शिंगाची होती, मग शेणाच्या काजळीची झाली, हें कळतें तर शास्त्रार्थास चांगलाच विषय मिळाला असता. शेण पवित्र, शिंग औषधी. निर्णय कदाचित्‌ पुडीच्याच बाजूनें लागता.

विज्ञानाचा निर्णय मात्र अलीकडे थोडा विरुद्ध गेला आहे. मागें कांहीं राहत नाहीं, हा या क्षाराचा सर्वांत मोठा गुण समजला जाई. २००२ सालीं स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं जाहीर केलें कीं पिष्टमय पदार्थ तीव्र आंचेवर भाजले किंवा तळले असतां त्यांत अॅक्रिलामाइड नांवाचें द्रव्य तयार होतें. प्राण्यांवरील प्रयोगांत हें द्रव्य कर्करोगास कारण होतें असें पूर्वींच आढळलें होतें. पिठांतील अॅस्पॅराजिन हें अमिनो आम्ल व साखर यांच्या संयोगानें तें होतें. पुढील प्रयोगांत असें दिसलें कीं अमोनियाचा क्षार घातलेल्या बिस्किटांत तें अधिक होतें, आणि त्याऐवजीं सोडा घातला तर पुष्कळ कमी. क्षार स्वतः उडून जातो हें खरेंच आहे. पण जातांजातां तो साखरेला डिवचून जातो. युरोपीय संघानें २०१७ सालीं केलेल्या नियमांत बिस्किटांसाठीं एका किलोस ३५० मायक्रोग्रॅम अशी मार्गदर्शक पातळी ठरविली, आणि कारखानदारांनीं अमोनियम बायकार्बोनेट कमी करावें किंवा त्याच्या जागीं दुसरें कांहीं वापरून पाहावें, असें सुचविलें.

कारखानदारांची अडचण अशी कीं नुसत्या सोड्यानें बिस्किट तसें होत नाहीं. रंग गडद येतो, चवींत खार उतरतो, आणि ती विशिष्ट खुसखुस हरवते. म्हणून पुष्कळ ठिकाणीं दोन्ही क्षार मिळून घालतात. आपल्याकडील बिस्किटांच्या पुड्यांवर बारीक अक्षरांत फुगविणारे पदार्थ म्हणून ५०३ व ५०० हे आंकडे शेजारीं शेजारीं छापलेले असतात, त्यांतील ५०३ म्हणजे हाच शिंगाचा क्षार आणि ५०० म्हणजे सोडा. स्वीडनमध्यें, जेथून ही धोक्याची सूचना निघाली, तेथील घरांत ‘स्वप्नें’ अजून शिंगाच्या क्षारावरच भाजलीं जातात. कच्चें पीठ चाखूं नये आणि भाजतांना खिडकी उघडी ठेवावी, एवढी सूचना कृतीबरोबर दिलेली असते.